टेंभुर्णीला थंडी किती

न्हाई बाई, काच फुटलेली न्हाई. बॅटरी पण बरी हाय. चालू होतो, बंद होतो, समदं बराबर. आतलं पुसायचंय. — आतलं म्हंजे, कसं सांगू, ह्या फोनला मी तोंडानं बोलून काही काही इचारलेलं हाय, तेवढं पुसून द्या. जल्दी झालं तर बरं. न्हाई, म्हंजे तुमच्या हातातलं होऊ द्या आधी, मी बसतो. कोपऱ्यावरचा चहावाला म्हणला, फोनच्या आतलं काम जुन्या जालन्यात कोणाला येत असंल तर मोनिकाबाईला. तुमीच ना? बरं. मी पुंजाराम. बदनापूरच्या अलीकडं माळावर आमची वस्ती हाय. मेंढरं होती शंभरच्या वर, आता अठरा. म्हंजे आजपासून सतरा. पहिल्या जीपनं आलो. तुमी शटर वर केलं तव्हा समोरच्या ओट्यावर मीच बसलेलो, तुमचं ध्यान नसंल.

काय इचारलं? फार काही न्हाई हो. थंडी इचारली. — हसा, हसा. त्यात पुसण्यासारखं काय हाय, असंच वाटल कोणाला बी. पण आमची रीत सांगतो तुमाला. आमची माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर निघायची, चार-चार महिने. घरी म्हातारी माणसं, बाळंतिणी. निघालेल्यांची खुशाली कशी कळावी? रस्त्यानं कोणी येणारा दिसला की त्याला थांबवायचं, पाणी द्यायचं आणि इचारायचं — कुठून आले? अंबडकडून? तिकडं गारठा कसा हाय? चारा हाय का? बस. वाटंवरच्या माणसाचं नाव घेऊन इचारायचं न्हाई. माझी माय कव्हाच म्हणली न्हाई की माझा पुंजा दिसला का. नाव घेतलं की मागं ओढ लागती, पाय अडखळतो, असं मानत्यात आमच्यात. गाव इचारायचं, हवा इचारायची. हवा बरी म्हणला की समजायचं, आपलं माणूस बरं हाय. मंग त्या दिवशी माय दोन घास जास्त खायची. मी पण तेच करतो. दुसरं मला येतच न्हाई.

हां, हे गोल चिन्ह. ह्याच्यातच. त्याच्यावर तो माईक असतो, दाबून धरायचा आणि बोलायचं. लिहायला मला येत न्हाई, तिसरी झाली माझी, ती पण निम्मी. आकडा वाचता येतो. गारठा म्हणलं की ह्याला कळायचं न्हाई, भलतंच काढायचा. थंडी म्हणलं की कळायचं. — कोणी शिकवलं? जावईबापूंनी. फोन पण त्यांनीच दिला. मागच्याच्या मागल्या दिवाळीला आल्ते, म्हणले, मामा, तुमी एकटे ऱ्हाता, मामी गेल्यापासून तुमच्याशी बोलायला कोणी न्हाई, हे घ्या. नवा कोरा. खोक्यातून काढला, पुढ्यात बसून समदं भरलं, त्यांचंच खातं टाकलं, म्हणले तुमाला कुठं वेगळं काढत बसता, माझंच ऱ्हाऊ द्या. माझ्या बोटाला धरून तो माईक दाबायला शिकवला. मी म्हणलं, किती जीव लावतो माणूस. त्या दिवशी कोकरू कापलं मी त्यांच्यासाठी.

सुग्रीव नाव त्यांचं. — काय? नाव घेताना तोंड उतरतं, तरी एवढा मान का देतो? हो, येतं तोंडात, आले, गेले, म्हणले. लग्नात पाय धुतले त्यांचे मी, आरेतुरे जमत न्हाई. तुमी काय ते समजलात वाटतं. माझ्या तोंडावरून दिसतं का? मी नुसतं थंडीचं पुसायला आलो होतो.

बरं, सांगतो. तुमच्याशिवाय हे होणार न्हाई आणि सांगितल्याशिवाय तुमाला कळणार न्हाई, काय पुसायचं ते. माझी धाकटी, शालू. ती दिलेली ह्यांना. पहिलं वरीस बरं गेलं. मंग सुरू झालं. कोणाशी बोलली, कुठं गेल्ती, पाण्याला एवढा येळ का लागला. तिच्या फोनमधलं रोज वाचायचे. एकदा तिनं माहेरच्या बसची येळ पाहिली फोनवर, नुसती पाहिली, तर तिचा हात चुलीवर धरला. मला न्हाई सांगितलं तिनं. थोरलीला सांगितलं, दैवशालाला. दैवशाला माझ्यासारखी न्हाई, तिला कळतं. शालूला बाळ झालं, पोरगं, आणि ते पाच महिन्याचं असताना दैवशालानं तिला तिथून काढलं. रिकाम्या हातानं. फोन पण तिथंच ठेवायला लावला. उषाबाई म्हणून एक बाई, शिलाईचं काम करती, तिच्या घरी ठेवलं. कोणाला पत्ता न्हाई. मला पण न्हाई. मीच आडवा पडलो. जेवण सोडलं. म्हणलं एवढं सांग, कुठल्या दिशेला हाय. मंग तिनं सांगितलं — टेंभुर्णी. आणि माझ्याकडून तीन गोष्टी कबूल करून घेतल्या. आबा, तिकडं जायचं न्हाई. फोन करायचा न्हाई. कोणापुढं तिचं नाव काढायचं न्हाई. मी म्हणलं, बिलकुल न्हाई. आणि खोटं सांगत न्हाई तुमाला, तिन्ही पाळल्या मी. न्हाई गेलो, न्हाई फोन केला, न्हाई नाव घेतलं.

थंडी इचारली.

रोज सकाळी. शेण काढलं, मेंढराला सोडलं, की फोन घ्यायचा आणि इचारायचं, टेंभुर्णीला थंडी किती? पहिल्या दिवशी त्यानं सोलापूरकडची टेंभुर्णी काढली. तिकडं ऊन. मी म्हणलं ही न्हाई. आणि सावकाश बोलून त्याला सांगितलं, जालना जिल्ह्यातली, जाफ्राबादजवळची टेंभुर्णी. आंधळ्याला हात धरून दारापर्यंत न्यावं तसं नेलं मी त्याला. मंग बराबर आकडा यायचा. चौदा. तेरा. एकदा नऊ आला तव्हा माझी भाकरी तशीच राह्यली, पोराची छाती भरती हो थंडीनं, त्याला जन्मापासून हाय ते. सोळा आला की बरं वाटायचं. वाटायचं, आज उघड्यावर न्हाऊ घालंल त्याला. एवढाच माझा गुन्हा. म्हंजे मला वाटायचं गुन्हाच न्हाई. खोलीत मी एकटा, समोर फोन, कोण ऐकतं?

तेच. तेच म्हणतो मी, मला कुठं ठाऊक की खातं त्यांचं हाय म्हंजे मी इकडं बोललेलं तिकडं उमटतं. — इकडं दाबलं की त्याच घडीला तिकडं? म्हंजे मी तोंडातून काढलं, ते समोर बसून ऐकल्यासारखंच झालं की. आणि फोन कुठं कुठं नेला ते पण? बाजार, दवाखाना, समदं? — हां. मंग वर्षभर मी त्यांच्या खिशातच होतो म्हणा.

ह्या संक्रांतीनंतरची गोष्ट. दुपारची येळ. गाडीचा आवाज आला, पाहतो तर जावईबापू. एकटे. सदऱ्याच्या बाहीला काही लागलेलं, मला वाटलं गाडीचं ऑईल. मी घोंगडी टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. ते शांत. चहा पिले पुरा. बशी खाली ठेवली आणि म्हणले, मामा, टेंभुर्णीला लई थंडी हाय. तुमी रोज इचारता ते बराबरच हाय. आणि त्यांच्या फोनवर दाखवलं. एकाखाली एक, एकाखाली एक, तारीख घालून. मला अक्षर लागत न्हाई पण एकसारखं दिसत होतं ना, मेंढराच्या रांगेसारखं. म्हणले, एकोणचाळीस येळा इचारलं, मामा. मला पहिल्या आठ दिवसात कळलं होतं गाव. मंग गावात घर शोधायला उशीर लागला. आणि पाया पडले माझ्या. जाताना पाया पडायची रीत हाय, पडले. मी आशीर्वादाचा हात उचलला की न्हाई ते आठवत न्हाई. उचलला असंल. सवय हाय.

हात मोडला माझ्या शालूचा. उजवा, दोन ठिकाणी, कात्रीच्या मुठीनं, शिलाईची मोठी कात्री असती ती. पोरगं उषाबाईनं शेजारी ढकललं म्हणून वाचलं. गल्ली जमा झाली तव्हा निघाला तिथून, आणि थेट माझ्याकडं आल्ता चहाला. तक्रार दिली, लिहून घेतली, मंग जामीन झाला, आता मोकळा हाय. तिच्या हाताची बोटं अजून मिटत न्हाईत म्हणत्यात. मी पाहिलं न्हाई. मला पाहू दिलं न्हाई दैवशालानं, आणि बराबर केलं. फक्त एवढंच म्हणली मला, आबा, तुमी बोललात का कोणाला? मी म्हणलं न्हाई. मंग सांगितलं, फोनचं. ती म्हणली, तो फोन विहिरीत टाका.

टाकला म्हणून सांगितलं.

न्हाई टाकला, तो हा काय तुमच्या हातात. — का? का म्हंजे... त्याच्यात पोराचा आवाज हाय. हसतं ते. शालू बाळंतपणाला आल्ती तव्हा दैवशालाच्या पोरीनं धरून ठेवलेला, एवढासाच हाय, सुरू झाला की संपतो. मी विहिरीपर्यंत गेल्तो, खोटं न्हाई. हात लांब केल्ता. मंग बंद केला आणि लोकरीच्या पोत्यात खाली दाबून ठेवला. तव्हापासून हात लावला न्हाई त्याला. आज घेऊन आलो की म्हणलं मागचं समदं पुसून घ्यावं, जिवाला घोर नको.

काय दिसतं? — वाचा की. — आज? आजची तारीख हाय? येळ काय लिहिली?

पाच चाळीस.

बराबर हाय. पाच चाळीसच असंल.

थांबा. मी तुमाला खोटं सांगत न्हवतो, पोरी... मोनिकाबाई... पोरीच म्हणतो, माझ्या दैवशालापेक्षा ल्हान हाईस तू. पाच वाजता उठलो तर वाघुरात, मेंढराभोवती जाळी लावतो त्याच्यात, एक कोकरू मरून पडलेलं. गारठ्यानं. काल संध्याकाळी पिलं होतं आईला, बरं होतं. ह्या दोन दिवसात कशी थंडी सुटली ती तुला ठाऊक हाय. हातात घेतलं तर लाकूड. आणि आई त्याची चाटून राह्यली होती त्याला. मी ते ठेवलं खाली आणि मंग मी पोत्यापाशी होतो, मधलं काही माझ्या ध्यानात न्हाई. चालू केला. दाबला. बोललो. आठ, म्हणला. मी म्हणलं, आठ, लई झालं, पोराला घोंगडी तरी हाय का, आणि तव्हा कुठं मला कळलं की मी काय केलं. ते दुसऱ्या गावाचं नाव. तीन आठवड्यांपूर्वी दैवशालानं सांगितलं मला, मी फोन टाकला म्हणून भरवसा ठेवून सांगितलं, की आबा, आता घनसावंगीला —

घनसावंगी तुला दिसलंच असंल तिथं लिहिलेलं. मी तुला सांगितलं काय आणि न सांगितलं काय.

दैवशालाला का न्हाई सांगितलं तव्हाच? काय सांगू. फोन विहिरीत हाय ना माझा. कोणत्या तोंडानं सांगू की विहिरीतल्या फोनवरून इचारलं. वाटलं पहिली जीप धरावी, जालन्याला जावं, कोणाकडून तरी पुसून घ्यावं, मंग जसं काही झालंच न्हाई. जीपमधी माणसं बोलत होती, हसत होती, मी पण हसलो एकदोनदा. त्या ओट्यावर बसलो तव्हा पण हेच, की आता बाई येईल, पुसंल, झालं. आधी जीप, मंग नऊपर्यंत बसलो हो मी तिथं. तीन तास. तीन तासात माणूस गाडीवर कुठल्या कुठं जातो.

पुसलं? समदं? त्यांच्याकडचं पण गेलं? — बरं केलं. बरं केलं, पोरी. आणि त्यानं आधीच वाचलं असंल तर? — ते कळत न्हाई. कोणालाच कळत न्हाई? एवढं समदं ठाऊक असतं त्या फोनला, मी किती वाजता काय बोललो, कुठल्या माळावर उभा होतो, आणि समोरच्यानं वाचलं की न्हाई तेवढं ठाऊक न्हाई? — हे काय? त्याचा फोन? नाव लिहिलंय? शेवटचा चालू होता... दोन मिनिटांपूर्वी. म्हंजे जागा हाय तो. म्हंजे तसं काही न्हाई त्याच्यात, सकाळी कोणी बी फोन पाहतं. असं तू म्हणतीस. मी पण तसंच म्हणलं असतं तुझ्या जागी.

गुपचूप खिडकी? अशी असती? तिच्यात इचारलेलं ठेवत न्हाई? — हे कोणी सांगितलं न्हाई मला. न्हाई, माईक सांगितला, हे न्हाई सांगितलं. — तीपण पुरती गुपचूप न्हाई म्हणतीस. बरं. आणि वेगळं खातं काढून देशील. नवीन नंबर, नवीन समदं, फिरून कोणाला काही दिसणार न्हाई. तू भली हाईस, पण पोरी, खातं बदलशील, फोन बदलशील, मला काय बदलशील? उद्या गारठा पडला की मी कोणाला तरी इचारणारच. फोन नसला तर बसच्या कंडक्टरला इचारीन. पाणी पाजून इचारीन. तो अजून कोणाला बोलंल. तू हसून राह्यली होतीस ना मघाशी, मला पण वाटायचं, हवेचं इचारलं तर कोणाचं काय जातं.

तुझा फोन देतीस का जरा? दैवशालाला लावायचा. नंबर इथं कागदावर हाय, पिशवीत... हा. तूच लाव. ह्याच्यावरनं नको, तुझ्यावरनंच.

दैवशाले. मी. — आबा बोलतो. जालन्यात हाय, एका बाईच्या फोनवरून. ऐक, मधी बोलू नको. तो फोन मी विहिरीत टाकला न्हवता. — न्हवता. — खोटं बोललो. आज सकाळी इचारलं मी त्याच्यावर. — तेच. गावाचं नाव घेऊन. — ठाऊक न्हाई, कोणालाच सांगता येत न्हाई, पाहिलं असंल, नसंल. तू पाहिलं असंच धर. — बोल मला, समदं बोल, मंग बोल. आधी तिला तिथून हलव. आत्ता. तव्यावर भाकरी असली तर तशीच सोडून निघ म्हणावं. बसस्टँडवर उभं ऱ्हाऊ नको म्हणावं, कोणाच्या तरी घरात थांब. पोराला — न्हाई, ते तिला कळतं.

थांब. सांगू नको. दैवशाले, मला गाव सांगू नको. — न्हाई, कुठल्या दिशेला ते पण नको. आज नको, उद्या नको. मी तुझ्या दारात येऊन बसलो, अन्नपाणी सोडलं, तुझ्या पाया पडलो, तरी सांगू नको. मेलो तरी माझ्या मातीला तिला बोलावू नको, तो येऊन उभा ऱ्हाईल तिथं. — मला कसं कळल? न्हाई कळणार. — न्हाई कळलं तरी चालंल. ठेव. ठेव आता, तिला लाव.

घे पोरी. हा नंबर काढून टाक तुझ्या फोनमधून. कसं काढलं ते दाखव मला. — बरं.

न्हाई, पाणी नको. कुठं जाणार म्हंजे, घरी. मेंढरं कोंडलेली हाईत. आता काही इचारू नका मला.